मर्सेडचा प्रवेश सोडून डी अँझा? तिथून बर्कलीला ट्रान्स्फर खरंच मिळते का?

सनीवेलकरीण

नमस्कार. १ मेच्या आत ठरवायचं आहे आणि घरात एकमत होत नाही, म्हणून इथे विचारते.

मुलगा यंदा बारावी संपवतोय. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच करायचं हे त्याचं नववीपासून पक्कं आहे. शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये होता, गॅरेजमध्ये अजून त्याच्या मोटारी आणि गिअरचे डबे पडलेले आहेत. अकरावीत मोठं आजारपण झालं, त्यात मार्क घसरले आणि पूर्ण सावरले नाहीत. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो, तिन्हीकडून नकार आला. त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसी) मर्सेड कॅम्पसने घेतलंय, ॲरिझोनातल्या एका विद्यापीठानेही घेतलंय. पण त्याच्या मनात वेगळंच आहे. घरी राहून डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात पदवीची पहिली दोन वर्षं करायची आणि तिसऱ्या वर्षाला बर्कलीत जायचं.

यांचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. सासरे सांगलीहून रोज फोनवर विचारतात, कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय, रात्रशाळा का? मला त्यांना समजावता येत नाही. आम्ही दोघंही पुण्यात शिकलो, इथली पद्धत ऐकीव आहे. ओळखीत ज्यांची मुलं तिकडे गेली ते या विषयावर फारसं बोलत नाहीत, हेही जाणवलं.

हा रस्ता खरा आहे का? खरा असेल तर पहिल्या दिवसापासून काय सांभाळावं लागतं? आणखी एक, आम्ही एच-१ (नोकरीच्या) व्हिसावर आहोत, मुलगा एच-४ (अवलंबितांच्या) व्हिसावर. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी नोकरीकडून केलेला अर्ज, मंजूर आहे पण प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर, फार मागे आहे. त्याला नुकतंच अठरावं संपलं. याचा काही संबंध येतो का?

फ्रीमाँटचे_काका

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझा पुतण्या असाच एका कम्युनिटी कॉलेजात गेला. हुशार मुलगा. घरी राहिला, जुने मित्र तेच, आठवड्यातून काही तास क्लास, उरलेला वेळ गेमिंग आणि पार्टटाइम काम. दोन वर्षांची तीन झाली, तरी निम्मे विषय बाकी आहेत. त्याला कुणी विचारणारंच नव्हतं. मर्सेड हेही यूसीच आहे. मुलगा तिथे हॉस्टेलवर राहील, चार वर्षांत इंजिनिअर होऊन बाहेर पडेल. बर्कलीच्या नावासाठी हे सोडू नका.

गणिताच्या_बाई

ताई, मी बे एरियातल्याच एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते, जास्त करून कॅल्क्युलस. डी अँझात नाही, पण तिथून येणारी-जाणारी मुलं भेटतात आणि पद्धत सगळीकडे तीच आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण निर्णय मोठा आहे.

काकांचं म्हणणं अगदी रास्त आहे. २०२४ साली कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी यावर अहवाल दिला. ट्रान्स्फर करायचं म्हणून आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत खरोखर ट्रान्स्फर झालेली मुलं साधारण पाचात एक. उरलेली चार कोण असतात ते मी वर्गात बघते. कुणी रात्री किराणा दुकानात माल लावून सकाळी आठच्या क्लासला येतं, कुणावर धाकट्या भावंडांची जबाबदारी असते. आणि बरीच मुलं अशी असतात की ज्यांना कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरला जातो हे कुणी वेळेवर सांगितलेलंच नसतं. पहिल्या दोन अडचणी तुमच्या घरात नाहीत असं दिसतं. तिसरी पूर्णपणे टाळता येते, आणि मला आज तेच सांगायचं आहे.

रस्ता खरा आहे का? खरा आहे, आणि तो मुद्दाम बांधलेला आहे. १९६० साली राज्याने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. शाळेतून निघणाऱ्या मुलांतल्या वरच्या आठव्या हिश्शाला यूसी, वरच्या तिसऱ्या हिश्शाला स्टेट युनिव्हर्सिटी, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं. तिथे दोन वर्षं केलेल्यांना तिसऱ्या वर्षाला वर चढायची सोय तेव्हापासूनच ठेवलेली आहे. आज यूसीत ट्रान्स्फरने येणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं आपल्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांतली असतात. बारावीनंतर बर्कली किंवा यूसीएलएत अर्ज करणाऱ्या शंभरांतल्या दहाएक जणांना प्रवेश मिळतो. ट्रान्स्फरला साधारण चारातल्या एकाला. आणि ट्रान्स्फरच्या वेळी यूसी शाळेचे मार्क बघत नाही. अकरावीतलं आजारपण तिथे आडवं येत नाही. तुमच्या मुलासाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

मात्र चारात एक हा सगळ्या विषयांचा मिळून आकडा आहे. तो मेकॅनिकलला लावू नका, कॉम्प्युटर सायन्सला तर मुळीच नको. यूसीच्या इन्फर्मेशन सेंटरच्या साइटवर ‘ट्रान्स्फर्स बाय मेजर’ म्हणून तक्ता आहे. कॅम्पस निवडा, विषय निवडा. किती अर्ज आले, किती घेतले, घेतलेल्यांचा जीपीए (मार्कांची सरासरी) कुठून कुठपर्यंत होता, सगळं दिसतं. आज रात्री जेवणं झाली की तिघांनी मिळून तो तक्ता बघा. आकडे डोळ्यांसमोर असले की बोलणं वेगळं होतं.

दुसरा मुद्दा तुमच्या यजमानांसाठी. आधी मर्सेडला जाऊ दे, मग तिथून बर्कलीला बदली घेऊ, असा विचार घरात निघाला असेल तर तो जपून करा. ट्रान्स्फरमध्ये यूसी पहिला मान कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांना देते. एका यूसीतून दुसऱ्या यूसीत जाणारी मुलं त्यांच्या मागे उभी असतात. म्हणजे मर्सेड घ्यायचं तर मर्सेडमधूनच पदवी घ्यायची अशा तयारीने घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही, कॅम्पस चांगला आहे.

उलट बाजूने, डी अँझाला गेलं म्हणजे मर्सेड कायमचं गेलं असंही नाही. टॅग म्हणून सोय आहे, प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, या सहांपैकी एकाच कॅम्पसची हमी घेता येते. ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए असला की जागा पक्की. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. काही विषय, विशेषतः इंजिनिअरिंगचे, काही कॅम्पस हमीतून वगळतात आणि ती यादी दरवर्षी बदलते, म्हणून त्या त्या वर्षीचा टॅगचा तक्ता वाचायचा. टॅगचा अर्ज सप्टेंबरात भरायचा, नेहमीचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. टॅग घेतला तरी बर्कलीला अर्ज करता येतोच. म्हणजे यजमानांना जी हातातली वस्तू हवी आहे, ती दोन वर्षांनीही बऱ्याच अंशी हातात ठेवता येते.

आता मुख्य गोष्ट. लोक म्हणतात दोन वर्षं आहेत. हिशेब मांडून बघा. डी अँझात क्वार्टर पद्धत, म्हणजे तीनेक महिन्यांची सत्रं. सप्टेंबरअखेर पहिला क्वार्टर, मग विंटर, मग स्प्रिंग, मधे समर, आणि पुढच्या नोव्हेंबरात यूसीचा अर्ज जातो. अर्ज जाताना त्याच्या नावावर फक्त तीन क्वार्टर आणि एक समर एवढेच मार्क असतात. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या क्वार्टरचे मार्क जानेवारीतल्या अपडेटमध्ये कळवायचे असतात, त्यानंतरचे विषय ‘करणार आहे’ म्हणून लिहिलेले असतात. म्हणजे निकाल जवळजवळ पहिल्या वर्षावर लागतो. ‘पहिला क्वार्टर जरा रुळू दे, मग बघू’ असं म्हणणारी मुलं मी दरवर्षी बघते. बारा आठवड्यांच्या क्वार्टरमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला पहिली मिडटर्म येते. रुळेपर्यंत क्वार्टर संपलेला असतो.

त्यात इंजिनिअरिंगचे विषय एकात एक अडकलेले. मॅथ १ए झाल्याशिवाय १बी नाही, मग १सी, १डी, मग २ए आणि २बी. फिजिक्स ४ए ला कॅल्क्युलस आधी लागतं, आणि ४बी ला ४ए. पहिल्या क्वार्टरला एक कडी निसटली की सगळी साखळी तीन महिने पुढे सरकते, आणि शेवटचा विषय नेमका ट्रान्स्फरच्या उन्हाळ्यात जाऊन पडतो, जेव्हा तो धरला जात नाही. त्याने शाळेत एपी कॅल्क्युलस (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) केलं असेल आणि गुण चांगले असतील तर थेट पुढच्या कॅल्क्युलसपासून सुरू करता येईल. तो फार मोठा फायदा आहे. फक्त बर्कलीचं इंजिनिअरिंग एपीचं काय धरतं, हे आधी बघा.

हे सगळं बघायची जागा एकच, असिस्ट नावाची राज्याची साइट. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. कॉलेज डी अँझा, विद्यापीठ बर्कली, विषय मेकॅनिकल. समोर दोन रकाने येतात. डावीकडे बर्कलीचा विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात डी अँझात काय करायचं ते. इथे मुलं घाईत वाचतात आणि फसतात. एक उदाहरण सांगते. बर्कलीत लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स मिळून एकच कोर्स आहे. डी अँझात ते दोन आहेत, २ए आणि २बी, आणि मधे ‘अँड’ लिहिलेलं असतं. एकच केला तर अर्धे गुण मिळत नाहीत, काहीच मिळत नाही. काही ओळींसमोर ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं येतं. म्हणजे तो विषय इथे नाही, नंतर तिथे जाऊन करायचा, त्याची काळजी नको. डी अँझात नसलेला एखादा कोर्स फूटहिलला मिळू शकतो, दोन्ही कॉलेजं एकाच डिस्ट्रिक्टची आहेत. मात्र फिजिक्ससारखी मालिका एकाच कॉलेजात पूर्ण करावी.

बर्कलीबरोबर डेव्हिस, सॅन डिएगो, यूसीएलए आणि सॅन होजे स्टेट यांची पानंही काढायला सांगा. छापून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. जे विषय सगळ्यांना लागतात ते आधी. एखाद्याच कॅम्पसला लागणारे नंतर. याचं वेळापत्रक झालं की ट्रान्स्फरचं निम्म्याहून जास्त काम झालं. जनरल एज्युकेशनचा, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या इतर विषयांचा, जो साचा आहे, नव्या मुलांना आता कॅल-जीईटीसी, तो इंजिनिअरिंगवाल्यांनी पूर्ण करायच्या मागे लागू नये. आधी गणित, फिजिक्स आणि इंजिनिअरिंग, जोडीला इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स. एकूण ९० क्वार्टर युनिट्स लागतात (युनिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजायचं माप).

नव्या मुलांचा रजिस्ट्रेशनचा नंबर उशिरा येतो आणि फिजिक्सचे वर्ग भरलेले असतात. वेटलिस्टवर नाव घालायचं आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचं. पहिल्या आठवड्यात बरीच मुलं सोडून जातात, जो समोर बसलेला असतो त्याला शिक्षक घेतात. मी स्वतः घेते.

खर्चाचं थोडक्यात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला डी अँझात युनिटला ३१ डॉलर. वर्षाला ४५ युनिट्स धरली तर १,३९५ डॉलर, वर किरकोळ फी आणि पुस्तकं. यूसीची नुसती फी वर्षाला १५ हजारांच्या आसपास, राहणं-जेवण धरलं की ४० हजारांच्या वर.

सासऱ्यांना कसं सांगायचं? आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा करून मुलं थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जातात, तसंच. पदवीवर शेवटी नाव जिथे पुढे गेला त्या कॉलेजचं लागतं.

आणि काकांच्या पुतण्याला विचारणारं कुणी नव्हतं, ही काकांची गोष्ट मला लागली. विचारणारं माणूस घरात हवंच. पण काउन्सेलरकडे मुलालाच जाऊ द्या. वेळ त्याने घ्यावी, असिस्टची पानं त्याने न्यावीत, प्रश्न त्याने लिहून न्यावेत. पुढे बर्कलीत त्याचं सगळं त्यालाच बघायचं आहे.

निनाद_बर्कली

काकू, मी नाशिकहून आठवीत इथे आलो, कम्युनिटी कॉलेज केलं आणि आता बर्कलीत सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाईंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त पुढचं सांगतो, कारण ते आधी कुणी सांगत नाही.

कम्युनिटी कॉलेजात माझे शिक्षक मला नावाने ओळखायचे. फिजिक्सच्या सरांच्या ऑफिस अवर्सना आम्ही चार-पाच जण असायचो, फळ्यावर एकेक गणित पूर्ण सोडवून घ्यायचे. नंतर मी तिथल्याच ट्युटरिंग सेंटरमध्ये शिकवायला लागलो. यूसीच्या अर्जात चार छोटे निबंध असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. त्यातला एक ट्रान्स्फरवाल्यांना सक्तीचा आहे: या विषयासाठी तुम्ही तयारी कशी केली. मी तिथे ट्युटरिंगबद्दलच लिहिलं. एक मुलगी फ्री-बॉडी डायग्राममध्ये दर वेळी नॉर्मल फोर्स खाली दाखवायची, आणि तिला समजावता समजावता मला स्वतःला तो कसा नीट कळला. मोठमोठं काही नव्हतं त्यात. यूसीला शिफारसपत्रं लागत नाहीत, एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघत नाहीत. त्यामुळे विषय, मार्क आणि हे निबंध एवढंच.

इथे आल्यावर पहिलं सेमिस्टर अंगावर येतं. लेक्चरला शेकडो मुलं, आणि बाकीच्यांचे अभ्यासाचे ग्रुप पहिल्या वर्षापासून जमलेले. पहिल्या मिडटर्मला मी सरासरीच्या खाली होतो. दुसरीला वर आलो, पण मधले आठवडे वाईट गेले. त्यात इंटर्नशिपसाठी कंपन्या सप्टेंबरातच कॅम्पसवर येतात. चार वर्षांवाल्यांकडे तोवर दोन वर्षांचे प्रोजेक्ट असतात, तुम्ही आठवड्यापूर्वी आलेले असता. म्हणून त्याला सांगा, गॅरेजमधलं काम बंद करू नको. डी अँझात असतानाच काहीतरी पूर्ण बनवून ठेव, फोटो आणि ड्रॉइंग जपून ठेव. माझ्या बरोबरचा एक जण जुन्या सायकलला स्वतः बसवलेल्या मोटारीचे फोटो घेऊन गेला होता, त्याच्याशी रिक्रूटर बराच वेळ बोलत उभा होता.

राहायचं म्हणाल तर पूर्वी फार हाल होते. २०२४ मध्ये अँकर हाउस उघडलं, ते खास ट्रान्स्फरवाल्यांसाठी आहे. अपार्टमेंटमध्ये स्वतःचं स्वयंपाकघर आहे, आई आली की डबे भरून ठेवून जाते. तिथे सगळेच ट्रान्स्फरने आलेले, त्यामुळे कुठून आलास हे सांगताना कुणी अडखळत नाही. बत्तीस-पस्तिशीचे लोकसुद्धा आहेत, सैन्यातून आलेले, मुलंबाळं असलेले. मला सगळ्यात जास्त त्यांच्याकडून शिकायला मिळालं.

अवांतर: ॲपलचे स्टीव्ह वॉझनिअॅकही डी अँझात होते आणि तिथून बर्कलीत गेले होते. आजोबांना सांगायला उपयोगी पडेल.

एच४_पालक

सनीवेलकरीण, व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही यातून गेलोय. ग्रीन कार्ड तोवर हातात आलं नाही तर एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो. तुमचा मुलगा तेव्हा ट्रान्स्फर होऊन नव्या कॅम्पसवर पहिल्याच वर्षाला असेल. त्याआधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, आणि अर्ज बराच आधी करावा लागतो. आमच्या वकिलांनी वर्षभर आधी तयारीला लावलं होतं.

दोन गोष्टी आत्ताच विचारून ठेवा. एक, एफ-१ झाल्यावर रेसिडेंट दराने फी राहते का. प्रत्येक यूसी कॅम्पसला रेसिडेन्स डेप्युटी म्हणून अधिकारी असतो, त्यांनाच ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ओळखीतल्यांच्या अनुभवावर जाऊ नका, यूसीचा बाहेरच्यांचा दर रहिवाशांच्या तिपटीच्या घरात आहे. दुसरं, एच-४ वर मुलाला पगाराची नोकरी करता येत नाही. निनादने केलं तसं पगारी ट्युटरिंग त्याला जमणार नाही आणि पगारी इंटर्नशिपही नाही. क्लब, स्पर्धा आणि कॉलेजमधले प्रोजेक्ट यांतून अनुभव घ्यावा लागतो. माझ्या मुलीने तसाच घेतला.

हा प्रश्न मर्सेडला गेलं तरी येणारच आहे, त्यामुळे त्यावरून डी अँझा की मर्सेड ठरवू नका.

कोथरूड_ते_एडिसन

कॅलिफोर्नियाबाहेरच्यांसाठी दोन ओळी, कारण हा धागा इतर राज्यांतले लोकही वाचतील. न्यू जर्सीत २००७च्या कायद्यामुळे काउंटी कॉलेजची (तिथलं कम्युनिटी कॉलेज) दोन वर्षांची असोसिएट डिग्री पूर्ण केली की तिची क्रेडिट्स राज्यातल्या सरकारी विद्यापीठांना धरावी लागतात. आमच्याकडे एडिसनचं मिडलसेक्स कॉलेज करून रटगर्स या सरकारी विद्यापीठात जाणारी मुलं घरोघरी आहेत. शाळेत वरच्या पंधरा टक्क्यांत असलेल्यांना एनजे स्टार्स या योजनेतून काउंटी कॉलेजची ट्यूशन फीही माफ होते. व्हर्जिनियात नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजातून यूव्हीएला (व्हर्जिनिया विद्यापीठात) हमीचा प्रवेश आहे, अर्थात ठरलेले मार्क मिळवून.

खासगीमध्ये कॉर्नेल आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) ट्रान्स्फरने बऱ्यापैकी मुलं घेतात. स्टॅनफर्डची आस मात्र धरू नये, तिथे शंभरात दोनच्या आसपास घेतात आणि शाळेचे मार्कही बघतात. ज्यांचा कॉलेजातला अभ्यास उत्तम आहे आणि घरची परिस्थिती बेताची आहे त्यांनी जॅक केंट कुक फाउंडेशनची ट्रान्स्फर शिष्यवृत्ती नक्की बघावी, वर्षाला ५५ हजार डॉलरपर्यंत मिळते. स्पर्धा तगडी आहे.

फ्रीमाँटचे_काका

बाई, हमीच्या प्रवेशात मर्सेड येतं हे मला माहीत नव्हतं. पुतण्याला असिस्टची लिंक आजच पाठवली. त्याचा विषय बिझनेस आहे. तीन वर्षं झाली तरी अजून उपयोग होईल ना?

गणिताच्या_बाई

नक्की होईल. उशीर झाला म्हणून यूसी दार लावत नाही. झालेले सगळे विषय एका कागदावर लिहून काढायला सांगा आणि असिस्टवर एकेक जुळवायला सांगा. बिझनेसला गणित, स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग आणि इकॉनॉमिक्स हे गाभ्याचे विषय असतात. त्यांतले किती झाले ते आधी बघा. त्याला मला इथे निरोप टाकायला सांगितलंत तरी चालेल.

सनीवेलकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिघं टेबलाशी बसलो. तो तक्ता बघितला, असिस्टची पाच पानं छापली. यांनी पहिल्यांदाच शांतपणे सगळं ऐकून घेतलं. टॅगमध्ये मर्सेड आहे हे वाचून त्यांचा विरोध बराच मावळला. सासऱ्यांना डिप्लोमाचं सांगितलं. ते म्हणाले, मग आधी तसं सांगायचं ना, आपल्या शेजारचा पोरगा तसाच वालचंदला गेला. आता ते मुलाला रोज विचारतात, गणिताचा कोर्स मिळाला का.

बहुतेक डी अँझाच ठरेल. वकिलांना आणि बर्कलीच्या रेसिडेन्स डेप्युटींना ईमेल गेले आहेत.

एकच अडचण काल निघाली. बाई, तुम्ही म्हणालात शाळेचे मार्क बघत नाहीत. पण अकरावीत असताना त्याने शाळेबरोबरच डी अँझाचा केमिस्ट्री १ए घेतला होता. नेमका आजारपणाचा क्वार्टर. मधेच सोडायचा राहून गेला आणि डी ग्रेड आली. तो म्हणतो आता सगळं संपलं. खरंच तसं आहे का?

गणिताच्या_बाई

संपलं वगैरे काही नाही, त्याला आधी हे सांगा. पण हे आत्ता कळलं ते फार बरं झालं. शाळेत असताना घेतलेला कॉलेजचा कोर्स कॉलेजच्याच ट्रान्सक्रिप्टवर राहतो आणि यूसी तो धरते. अर्जात लिहायलाच हवा, लपवायचा नाही.

दोन मार्ग आहेत. आजारपणाचे कागद असतील, डॉक्टरांचं पत्र, हॉस्पिटलचे कागद, जे असेल ते, तर कॉलेजच्या ॲडमिशन्स अँड रेकॉर्ड्सकडे ‘एक्सक्यूज्ड विथड्रॉल’साठी विनंती अर्ज करता येतो. मंजूर झाला तर डीच्या जागी ईडब्ल्यू येतं आणि ते जीपीएत धरलं जात नाही. मागच्या क्वार्टरसाठी अर्ज करायची मुदत कॉलेजागणिक वेगळी असते, म्हणून या आठवड्यातच विचारा.

तो अर्ज मंजूर झाला नाही तर कोर्स पुन्हा करायचा. डी किंवा एफ असेल तर पुन्हा केलेली ग्रेड यूसी धरते. सी आली असती तर तीही सोय नव्हती. मेकॅनिकलला केमिस्ट्री बहुतेक कॅम्पसना लागतेच, त्यामुळे कोर्स फुकट जाणार नाही. पण पहिल्याच क्वार्टरला गणित आणि फिजिक्सबरोबर घेऊ नका, विंटरला ठेवा. प्रयोगशाळेचे तास मोठे असतात.

आणि अर्ज घेऊन त्यालाच पाठवा. कॉलेजात नाव लागलं की वय काहीही असो, नोंदींचा हक्क विद्यार्थ्याचा होतो. त्याच्या लेखी परवानगीशिवाय खिडकीवर तुम्हाला काही सांगणार नाहीत. डॉक्टरांच्या पत्रावर त्या क्वार्टरच्या तारखा स्पष्ट आहेत ना, तेवढं फक्त घरून निघण्याआधी बघून द्या.